खिडकीतलं डावं शिंग

मी एका पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं डावं शिंग बोलतोय. उजवं कुठे पडलं, मला ठाऊक नाही. आम्ही एकाच डोक्यावर वाढलो, पण एकाच दिवशी गळालो नाही.

एप्रिलमध्ये मी उगवलो तेव्हा अंगावर मऊ लव होती आणि लवेखाली रक्त होतं. माशी बसली तरी कळायचं. सप्टेंबरात नरानं मला रोपट्यांवर घासलं, लव फाटून लोंबली आणि मी नुसतं हाड उरलो. तेव्हापासून मला दुखत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्यासाठी कुणी हळहळायला नको.

मार्चमध्ये नरानं कुंपणावरून उडी मारली, हिसका बसला आणि मी क्लोव्हरच्या, म्हणजे हरणांना आवडणाऱ्या तिपानी चाऱ्याच्या, कुरणात पडलो. तिसऱ्या दिवशी आर्डिसनं मला उचललं. तिच्या डोक्याला रुमाल होता, रुमालाखाली केस नव्हते.

कुरण तिचंच होतं. नवरा ऑर्लिन शिकारी, पण माती तिची. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिनं बरण्यांत माती भरून तपासायला पाठवली. आंबट निघाली. मग दोघांनी तीन वर्षं चुना टाकला, तेव्हा कुठे क्लोव्हर धरला. हिवाळ्यासाठी सलगम पेरले. जंगलात ऑर्लिननं मेपलची झाडं अर्धी कापून आडवी पाडली, म्हणजे कोवळे फुटवे हरणांच्या तोंडाशी येतील. चारा सगळ्यांना पुरावा म्हणून दरवर्षी थोड्या माद्या मारल्या. आणि पाच वर्षांच्या आतला नर मारायचा नाही, असं शेजारच्या जीन सोबोटाशी ठरवलं. हरणं कुंपण मानत नाहीत, म्हणून शेजाऱ्याचा शब्द लागतो.

शब्द मोडणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून जीनच्या गोठ्याच्या दारावर ठोकायचं, हा नियम जीनचाच. दारावर दोन चिंध्या होत्या. दोन्ही जीनच्याच.

"नियम तूच केलास आणि तूच उघडा पडलास," आर्डिस त्याला म्हणायची.

"वहिनी, लांबून सगळे मोठेच दिसतात. तुझा नवरासुद्धा."

आर्डिसनं मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. तिथे याच नराचं गेल्या वर्षीचं शिंग होतं. ते ती कुरणात परत टाकून आली. तिची रीत तशीच होती. नवं आलं की जुनं मातीला द्यायचं, उंदीर-खारी कुरतडून संपवतात. नवं आलं नाही, तर नर गेला असं समजायचं आणि जुनं खिडकीतच राहायचं.

माझ्या कपाळाकडच्या टोकाला फाटा आहे. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "दरवर्षी हा फाटा येतो. जूनमध्ये हा नर पाच वर्षांचा होईल. नोव्हेंबरात तुझा. पण फाटा बघून मार, ऑर्लिन. चुकू नकोस. आपल्या मातीवर पुरा वाढलेला एक तरी बघू दे."

"तूच ये ना मचाणावर. नऊ वर्षं 'नको, नको' म्हणून खुणावतेस, यंदा 'मार' म्हण."

"थंडी वाजते मला तिथे," ती म्हणाली. "मी घरी कांदे चिरून ठेवते."

ऑगस्टमध्ये ती गेली.

नंतर ऑर्लिन सकाळी दोन कप काढायचा, एक परत ठेवायचा. सलगम पेरायचे राहिले. चुन्याच्या गोण्या पडवीत तशाच होत्या. तो खिडकीशी उभा राहायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. त्याची लव निघून गेली होती, एवढं मला कळलं.

नोव्हेंबरात शिकारीच्या पहिल्या दिवशी नारिंगी कोट घालून तो गेला. नऊच्या सुमारास एक बार ऐकू आला. दुपारी जीनच्या ट्रकमधून नर अंगणात आला, खिडकीसमोरच. रुंद छाती, जाड मान.

जीननं जबडा उघडून दात पाहिले. दातांतली तपकिरी रेघ जितकी रुंद, तितकं वय जास्त. तो बराच वेळ वाकून होता.

"किती?" ऑर्लिननं विचारलं.

"तीन."

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं, बाबा. तीनच. तुझं कुरण खाऊन अंगानं पाचाचा झालाय."

ऑर्लिन आत आला, मला घेऊन बाहेर गेला आणि त्यानं त्या नराच्या शिंगाशी मला धरलं. त्याचं टोक सरळ होतं, फाटा नव्हता.

"फाटा बघितला नाहीस?" जीननं विचारलं.

"नाही. मोठा दिसला. छाती धडधडलीसुद्धा नाही, जीन. पूर्वी धडधडायची."

जीन म्हणाला, "जाऊ दे. कोण बघतंय? दार माझंच आहे."

ऑर्लिननं कोट काढला आणि शर्ट विजारीतून बाहेर ओढला. चौकटीचा शर्ट, कोपराला आर्डिसनं लावलेलं ठिगळ. तो पाठ करून उभा राहिला. "काप."

जीननं कापलं. सावकाश, सरळ.

हिवाळाभर मी खिडकीत होतो. माझा नर जिवंत आहे की नाही, दुसऱ्या कुणी मारला का, कुणालाच माहीत नव्हतं. मी तिथेच राहणार असं मला वाटलं. वाईट वाटलं असं नाही.

मार्चमध्ये बर्फ विरघळला तसा ऑर्लिन कुरणात जाऊ लागला. रोज जायचा, रिकाम्या हातानं यायचा. बाराव्या दिवशी आला तो मागचं टोक नसलेल्या त्याच शर्टात. हातात शिंग होतं, माझ्याहून जड. टोकाला फाटा.

त्यानं ते खिडकीत ठेवलं आणि तो त्याच्यासमोर बसला. दोन कप काढले आणि दोन्हींत कॉफी ओतली. मग फाट्यावर बोट ठेवलं. "पाचाचा झाला गं," एवढंच तो म्हणाला. दुसरी कॉफी थंड होईपर्यंत बसला.

त्याच दिवशी त्यानं मला कुरणात आणून ठेवलं. आर्डिसनं उचललं होतं तिथेच, कुंपणापाशी. मग पडवीतल्या चुन्याच्या गोण्या एकेक करून आणल्या. पुढच्या नोव्हेंबरात मारणार की नाही, ते तो बोलला नाही.

आता माझं एक टोक उंदरांनी संपवलंय. माझ्यावर चुन्याची पांढरी भुकटी आहे, बाजूनं क्लोव्हर वर येतोय. दुखत नाही. तुम्ही कधी मार्चमध्ये या कुंपणापाशी आलात आणि मी दिसलो, तर उचलू नका. मी इथेच असायला हवा.