पितळेची पुली

"तुमची मशीन बिघडली," जगदेव म्हणाला. "जोरात पळून राह्यली."

अकोल्याच्या त्या रेकॉर्डच्या दुकानदाराला हसू आलं. गिऱ्हाईक वाशीमहून पॅसेंजरने आलेलं, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं, आणि मागतंय काय, तर लांब केसांच्या गोऱ्यांची इंग्रजी रेकॉर्ड. गेल्या चार वर्षांत त्या रेकॉर्डला कोणी हात लावला नव्हता. धूळ पुसून, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून त्याने ती वाजवून दाखवली, तर उलट मशीनलाच नावं ठेवणं सुरू.

"मशीन ठीक आहे, भाऊ. मागच्या महिन्यात नवी आणली."

"नाही बाप्पा. हे गाणं मी पाच वर्स आयकून राह्यलो. असं नाही थे."

दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने ती तबकडी उतरवली आणि एका सिनेमाची चढवली. रेडिओवर रोज सकाळी लागतो तोच बाईचा आवाज, जसाच्या तसा. मग त्याने इंग्रजी तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बोट ठेवलं. "हे पाहा, तेहतीस. मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं. लिहिलेलं असते."

ते तेहतीस जगदेवने शंभरदा पाहिलं होतं. तो कंपनीचा नंबर असणार, असं त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याने रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि स्टेशनाकडे निघाला. वाटेत चहासुद्धा घेतला नाही. चूक कुठे झाली ते त्याला कळलं होतं आणि ती त्याच्या स्वतःच्या हातची होती.

जगदेव वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आठवड्याचे सहा दिवस तो मशिनींच्या धडधडाटात काढायचा आणि सातव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, आणखी धडधडाट ऐकायला नानाजीच्या लाउडस्पीकरच्या दुकानात जाऊन बसायचा. गावातल्या लोकांना याचं मोठं नवल वाटे.

हे खूळ आणलं शेषरावने. शेषराव पोस्टात कारकून. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेला असताना नागपूरच्या फुटपाथवर त्याला एक रेकॉर्ड दिसली. पुठ्ठ्यावर धुक्यात उभे असलेले चार काळ्या कपड्यांतले लोक, एकही हसत नव्हता. रेकॉर्डवर कोणी हसत नाही हे पाहूनच त्याने ती घेतली. पुठ्ठ्याच्या मागचा मजकूर त्याने डिक्शनरी घेऊन चार रात्री वाचला आणि जाहीर केलं, की या प्रकाराला हेवी मेटल म्हणतात, म्हणजे जड धातू. जगदेव म्हणाला, "मंग हे तं आपलंच काम हाय."

नानाजीची लग्नात गाणी वाजवायची मशीन होती, पण या गाण्यांना तो तिच्यावर चढू देईना; सुई झिजेल म्हणायचा. त्याच्याकडे लिलावातली एक मोडकी मशीन पडून होती. मोटरच्या दांड्यावरची छोटी पुली, जी रबरी चाक फिरवते आणि चाक तबकडीखालच्या ताटलीला, तीच नव्हती. जगदेवने कारखान्याच्या लेथवर पितळेचा तुकडा लावून तशी पुली करून दिली. नमुना नव्हता, नजरेने केली. मशीन फिरली आणि त्या दिवसापासून ती फक्त या तिघांची झाली. तिच्यावर हिंदी-मराठी गाणं कधीच लागलं नाही. लागलं असतं, तर पहिल्याच दिवशी घोळ ध्यानात आला असता.

तेव्हापासून कोणी अकोल्याला गेला, कोणी नागपूरला, की अशी एखादी रेकॉर्ड शोधून आणायचा. मग सुट्टीच्या दिवशी बैठक. नियम शेषरावचे. रेकॉर्ड वाजत असताना बोलायचं नाही. दोन्ही बाजू झाल्या की एकेकाने मत द्यायचं, सोळा आण्यांपैकी किती ते सांगायचं, आणि ज्याने आणली त्याने सर्वांत शेवटी बोलायचं.

गेल्या पोळ्याच्या सुमाराला नानाजीने एक आणली होती, पुठ्ठ्यावर जळतं चाक असलेली.

"ढोल चांगला हाय," शेषराव म्हणाला होता. "पण गाणारा उगाच किंचाळून राह्यला. ज्याच्याजवळ सांगासारखं असते त्याले वरडा लागत नाही. आठ आणे."

"दुसऱ्या बाजूचं शेवटचं मले आवडलं," जगदेव म्हणाला. "पट्टा घसरला की मोटर कशी गुरगुरते, तसं वाजवलं त्यानं. दहा."

"चौदा," नानाजी फुगून म्हणाला. "आठ म्हणे. तुमाले कदर नाही."

"चौदा काहून?"

"दोन आणे पुठ्ठ्याचे."

शेषरावची स्वतःची आवड मात्र पहिल्या दिवसापासून एकच, त्या धुक्यातल्या चौघांच्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं. लांबलचक, संथ, दर ठोक्याला जमिनीत पाऊल रुतावं असं. "आपल्या सिनेमातली गाणी पाह्य," तो म्हणायचा. "जो थो हात जोडून राह्यला. कोणी देवाले, कोणी बाईले. याच्यात कोणी कोणाच्या पाया पडत नाही. घाई नाही, भेव नाही. भारी पावलानं चालून राह्यला नुसता." त्या गाण्याला तो पंधरा आणे द्यायचा. सोळा का नाही विचारलं तर म्हणायचा, "एक आणा हातात ठेवावा गड्या. उद्या यापेक्षा चांगलं आलं तं काय देशीन?"

शेषराव स्वतःही तसाच चालायचा. पोस्टातून घरापर्यंत भर रस्त्याच्या मधून, सावकाश, कोणासाठी बाजूला न होता. त्याच्या बापाला याच रस्त्याने कडेकडेने जावं लागायचं. हे त्याने एकदाच सांगितलं होतं आणि परत कधी विषय काढला नव्हता.

ती रेकॉर्ड मागच्या महिन्यात फुटली. नानाजीने पाल मारायला चप्पल फेकली, ती पालीला लागली नाही. आणि त्याच महिन्यात शेषरावच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी उघडून पाहिलं, परत शिवलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आल्यावर त्याने जगदेवकडे एकच गोष्ट मागितली. "थे गाणं एकदा आयकव. मंग झालं."

म्हणून जगदेव अकोल्याला गेला होता.

परत आल्यावर त्याने मशीनच्या ताटलीला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ पुढे ठेवून फेरे मोजले. तेहतीस भरायला हवे होते, एकोणतीस भरले. पुली मापापेक्षा जराशी बारीक झाली होती, म्हणून ताटली सावकाश फिरत होती. पाच वर्षं ते तिघं जे ऐकत होते ते दुनियेत दुसरं कोणीच ऐकत नव्हतं.

"राहू द्या तशीच," नानाजी म्हणाला. "माणूस दोन दिवसाचा सोबती. त्याचं गाणं कायले बदलता?"

जगदेवला ते पटेना. आयुष्यभर त्याने कामात सूतभर फरक जाऊ दिला नव्हता. तेवढीच काय ती त्याची कमाई. "मित्राले मरताना खोटं गाणं आयकवू? माह्याच हातची चूक, अन् झाकून ठेवू?" त्याने त्याच संध्याकाळी लेथवर नवी पुली केली, मापात, मोजून तेहतीस फेऱ्यांची. जुनी मोडीच्या पेटीत टाकली. सकाळी ओतारी येऊन पितळेची मोड वितळवायला घेऊन गेला.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मशीन हातगाडीवर घालून शेषरावच्या घरी नेली. बेबीताईने, शेषरावच्या बायकोने, नवऱ्याच्या पाठीशी गादी लावून त्याला बसवलं. शेषरावच्या अंगावर कातडी तेवढी उरली होती, पण केस विंचरलेले आणि धुतलेला सदरा घातलेला. जगदेवने सुई टेकवली. शेषरावने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

"हे दुसरं कोणतं हाय का?"

नियम मोडून तो मध्येच बोलला होता. जगदेवने मग सगळं सांगितलं. दुकानदार, तेहतीस, पुली. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता, हे त्याला नंतर आठवलं आणि पुढे अनेक वर्षं आठवत राहिलं. "आता बरोबर हाय, शेषराव. खरं गाणं हे हाय."

शेषरावने बाजू संपेपर्यंत ऐकलं. मित्राने कष्ट घेतले होते, म्हणून ऐकलं.

"काम चांगलं केलं तू," तो म्हणाला. "पण हा तं पळून राह्यला, जगदेव. कोणाले भेला हा?"

जगदेवने सुई उचलून बाजूला ठेवली.

"माहं जुनं लाव ना."

"जुनी पुली मोडीत गेली. मी करून आणतो तशीच. दोन दिवस दे."

"हो," शेषराव म्हणाला. "दोन दिवस हायेत माह्याजवळ."

सोमवारी कारखान्याला वीज नव्हती. मंगळवारी पाळी संपल्यावर जगदेवने पुली कातली, नजरेने नाही, हिशेबाने, बरोबर एकोणतीस फेऱ्यांची. त्याने आयुष्यात जाणूनबुजून चुकीचं केलेलं ते पहिलं काम. बुधवारी उजाडताच पुली खिशात टाकून तो निघाला, तर शेषरावच्या घरासमोर लोक उभे होते आणि पोस्टाचे दोघं सायकली भिंतीला लावत होते.

त्रिशरण-पंचशील म्हणून झालं. तिरडी उचलायच्या आधी जगदेव पुढे झाला आणि त्याने पुली शेषरावच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. लोकांना वाटलं काही जुनं देणं असेल.

त्यानंतरच्या सुट्टीला नानाजीचं दुकान उघडं होतं, पण दोघांपैकी कोणी मशीनला हात लावला नाही. दुपारी बेबीताई आल्या. हातात ती अकोल्याची रेकॉर्ड, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"हे तुमची घरीच राह्यली व्हती," त्या म्हणाल्या. दिली, पण निघाल्या नाहीत. "एक इचारू का, जगदेवभाऊ? पाच वर्स थे इथं येत व्हते. म्या कधी आयकलं नाही त्यायचं गाणं. त्या दिवशी लावलं थे त्यायचं नव्हतं म्हणे. जाईपर्यंत म्हणत व्हते, थे माहं नव्हतं. त्यायचं कोणतं, थे लावता का?"

नानाजीने जगदेवकडे पाहिलं. मशीनमध्ये तेहतीसचीच पुली होती. एकोणतीसची राखेत गेली होती.

"बसा, वयनी," जगदेव म्हणाला. त्याने तीच रेकॉर्ड चढवली. गाणं पळायला लागलं. ते तसं पळताना त्याला सहन होईना, आणि पळता पट्टा आवरायला फिटरचा हात जावा तसा त्याचा हात आपोआप पुढे गेला. त्याने उजव्या हाताचं बोट फिरत्या ताटलीच्या कडेला टेकवलं आणि हलकेच दाबलं.

गाणं जड झालं. आणखी थोडं दाबलं. ढोलाचं पाऊल जमिनीला टेकलं, गाणाऱ्याचा आवाज खाली उतरला, आणि दुकानात पाच वर्षांचं ते ओळखीचं गाणं सावकाश चालत आलं.

जगदेवच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुली नको होती, लेथ नको होता, दोन दिवसही नको होते. त्या दिवशी शेषरावच्या गादीशेजारी बसून एवढंच करायचं होतं. तीस वर्षं मशिनी हाताळलेल्या माणसाला ते सुचलं नव्हतं.

त्याने बोट उचललं नाही. कड बोटाला चटके देत होती. तो डोळे न पुसता दाब सांभाळत राहिला. कमी झाला की गाणं पळू लागे, जास्त झाला की रडू लागे.

बेबीताई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. वाजत असताना बोलायचं नसतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"असेच येत व्हते थे घरी," त्या म्हणाल्या. "म्या चुलीपाशी बसून वळखो. आता वळणावर आले, आता दारात आले."

बाजू संपली. सुई मधल्या गोल कागदापाशी खरखरत राहिली. नानाजीने सवयीने विचारलं, "किती आणे, वयनी?" आणि विचारल्यावर त्यालाच ओशाळं वाटलं. बेबीताईंना ते समजलं नाही.

"अजून एकदा लावता का?" त्या म्हणाल्या.

जगदेवच्या बोटाची कातडी सोलवटून लाल झाली होती. त्याने ते सदऱ्याला पुसलं, सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि या वेळी दुसरं बोट टेकवलं.