शेवग्यावरची ठोकाठोक

सुज्ञ वाचकांस नम्रपणे निवेदन करण्यात येते की, वसंत ऋतूच्या आगमनामुळे नंदाखाल गावी एका लग्नमंडपाचे काम कसे अडले, याचा साद्यंत वृत्तान्त प्रस्तुत कथेत येणार आहे.

मालनकाकींच्या वाडीत यंदा वसंताने जणू मुक्कामच ठोकला होता. पांगारा लालबुंद झाला होता, आंब्याच्या मोहोरातून वाटाण्याएवढ्या कैऱ्या डोकावत होत्या, आणि अंगणातल्या शेवग्यावर तांबट पक्ष्यांचे जोडपे आठवडाभर संसार थाटण्यात गुंतले होते. एक शेंड्यावर बसून 'टुक टुक' करी, दुसरा वाळक्या फांदीत भोक पाडी.

काकींचे चित्त मात्र या शोभेत नव्हते. त्यांची कन्या पूर्वी हिची हळद परवावर आली होती आणि अंगणात एक बांबूसुद्धा उभा नव्हता. शेवग्याखाली उभे राहून त्यांनी मंडपवाल्या जयवंताला फोन लावला.

"जयवंता, बांबू कधी टाकतोस रे?"

"मी कशाला टाकू? तुमच्या मागे हातोडीची ठोकठोक ऐकू येतेय मला. दुसरा मंडपवाला लावलात ना?"

आठवडाभर ऐकून काकींच्या कानांना तो आवाज जाणवेनासा झाला होता. "कसली हातोडी? इथे कोणी नाही."

"मी काय बहिरा आहे, काकी? त्यालाच करू द्या आता," असे म्हणून जयवंताने फोन ठेवला.

पंचक्रोशीतील बाकी सारे मंडपवाले लग्नसराईत अडकलेले. काकींचा धीर सुटला. पडवीत सुपारी कातरणारे त्यांचे यजमान आत्मारामकाका शांतपणे म्हणाले, "तुझा दुसरा मंडपवाला तुझ्याच डोक्यावर बसलाय. बघ वर."

पूर्वीने तत्काळ त्या पक्ष्याचा व्हिडिओ काढून धाडला. तो पाहून जयवंत स्वतःच स्कूटरवरून अवतीर्ण झाला. परंतु स्कूटरच्या फटफटाटाने तांबट गप्प झाले.

"व्हिडिओला आवाज कोणीही लावतो. कुठे आहे तुमचा पक्षी?"

"आताच होता रे."

जयवंत शेवग्याखाली वाकला. तिथे लाकडाचा ताजा भुसा पडलेला. चिमूटभर उचलून त्याने काकींपुढे धरला. "आणि हा? सुताराला कुठे लपवलात, तेवढं सांगा."

इतक्यात भोकातून लाल कपाळाचे एक डोके बाहेर आले, त्याने चोचीतला भुसा सरळ जयवंताच्या केसांवर टाकला, आणि ते पुन्हा आत गेले.

केस झटकत जयवंताने भोक असलेली ती फांदी न्याहाळली.

"काकी, खांबाला जागा करायला हीच फांदी तोडायचं ठरलं होतं ना?"

"हीच."

"राहू द्या. मंडप विहिरीकडे सरकवतो. बांबूंचा टेम्पो नाक्यावर उभा आहे, बोलावतो."

"म्हणजे भांडायला आलास तो टेम्पो भरून?" काकांनी विचारले.

"मग काय पूर्वीची हळद उन्हात होऊ देऊ?" जयवंत म्हणाला. "काकी, चहात साखर जरा बरी टाका."

दिवे लागण्यापूर्वी मंडप उभा राहिला.

आपला बहुमोल वेळ देऊन ही कथा वाचल्याबद्दल समस्त वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
रामनाथ चुरी