ढिगाऱ्याखालून आलेले होकायंत्र

मित्रांनो, अकोल्यातल्या एका घरात, काचेच्या कपाटात मी कुलूपबंद आहे. मी एक जुने होकायंत्र. उत्तर कुठे हे मला अजून ठाऊक आहे, पण ते विचारणारे कोणी नाही. पाहुणे येतात, मला बघतात आणि चहा पिऊन जातात.

माझा जन्म जर्मनीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने पितळ घासून मला घडवले आणि ओटो लिंडनर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मला विकत घेतले. तो सैन्यातला इंजिनिअर होता. पूल बांधणारा, वाटा काढणारा. मला वाटले, आता नद्या आणि डोंगर पाहायला मिळतील. पण पहिले महायुद्ध पेटले आणि आम्ही फ्रान्सच्या मातीखाली गेलो.

शत्रूच्या खंदकांखाली सुरुंग पेरण्यासाठी लिंडनर भुयारे खणवून घेई. दिशा मी दाखवत असे. एके दिवशी भुयार खचले. तो आणि त्याचे सोबती आत कोंडले गेले. अंधारात एकेकाचा आवाज बंद होत गेला. माती उपसून लोक पोहोचले तेव्हा एकटा लिंडनरच जिवंत होता. त्यानंतर तो कुठल्याही खोलीत दाराजवळच बसायचा.

लढाई संपली. त्याने गावोगाव पूल बांधले. नव्या पुलावरून पहिली बैलगाडी किंवा पहिली शाळेची पोरे गेली, की तो मला खिशात हलकेच थोपटायचा. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग दुसरे महायुद्ध आले. केस पिकलेल्या लिंडनरला पुन्हा बोलावणे आले. या वेळी काम उलटे होते. माघार घेताना मागचे पूल उडवायचे, रस्त्यांत सुरुंग पेरायचे. त्याला ते पटत नव्हते, पण हुकूम मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही. भुयारातून तो बाहेर आला होता खरा, पण वर्दीतून त्याला बाहेर पडता येईना.

इटलीतल्या एका डोंगरी गावात त्याने विहिरीच्या वाटेवर सुरुंग पेरले. तो निघणार तोच तोफगोळा पडला आणि दगडी घर त्याच्यासकट तळघरात कोसळले. त्याची माणसे पुढे निघून गेली. पुन्हा तोच अंधार, तोंडात तीच माती. त्याने मला खिशातून काढले आणि तो माझी पितळी कड दगडावर ठोकू लागला. मला पोचा पडला. मला त्याचे दुःख नव्हते. आम्हा दोघांना आता कोणीतरी ऐकायला हवे होते.

ऐकले ते इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मराठा पलटणीतल्या चंद्रभानने. कौंडण्यपूरजवळच्या काळ्या मातीतला हा शेतकऱ्याचा पोरगा. फटीतून जर्मन वर्दी दिसताच त्याचे सोबती म्हणाले, पडू दे तिथेच, यानेच आपली माणसे मारली.

"मारली आसन," चंद्रभान म्हणाला. "पन आता तो ठोकून रायला. ठोकते तोवर तो मानूसच हाये."

आणि त्याने हातांनी दगड उपसायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सोबतीही वाकले.

लिंडनर बाहेर आला तो चुन्याने पांढराफटक झालेला. चंद्रभानने त्याला पाणी पाजले. तेवढ्यात लपलेले गावकरी परतताना दिसले. बायका तांब्याची भांडी घेऊन विहिरीच्या वाटेला लागल्या होत्या. लिंडनर गप्प राहिला असता तर कोणाला काही कळले नसते. सुरुंगांची जागा शत्रूला दाखवायची नाही, हा त्याच्या सैन्याचा हुकूमच होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हुकूम मोडला. तो ओरडला, "थांबा!"

त्याला येणाऱ्या मोजक्या इटालियन शब्दांपैकी तो एक होता. बायका जागच्या जागी थिजल्या.

मग खुणा करून त्याने सांगितले, मी पेरलेत, मीच काढतो. तो वाटेवर गुडघे टेकून बसला. चंद्रभान त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागे चालला, निर्धोक जागेवर पांढरी फीत टाकत. मध्येच म्हाताऱ्याचे हात इतके कापू लागले की त्याला पुढचे काम जमेना. चंद्रभान नुसता शेजारी बसून राहिला. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. हात थांबल्यावर दोघे पुढे सरकले. दिवस मावळायच्या आत बायकांनी पाणी भरले.

कैद्यांची गाडी आली तेव्हा लिंडनरने मला चंद्रभानच्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटे माझ्यावर मिटवली. पुढे त्याचे काय झाले, मला कधीच कळले नाही.

चंद्रभानने मला वऱ्हाडात आणले. बांधावर बसून तो आपल्या लेकीला, गंगूला, माझी सुई दाखवायचा आणि सगळे सांगायचा. तो गेल्यावर मी लोखंडी पेटीत पडले. वर्षानुवर्षे झाकण उघडले नाही. पुढे त्याचा नातू सागर मला अकोल्याला घेऊन आला आणि त्याने मला कपाटात ठेवले. तो पाहुण्यांना सांगू लागला, "आमच्या आजोबांनी जर्मन ऑफिसरला ठार मारलं, त्याच्या खिशातून हे काढून आणलं." पाहुणे वाहवा करत. मी काचेआड गुदमरत असे. मातीखालीही इतके कोंडल्यासारखे झाले नव्हते.

यंदा सागरची आत्या, म्हणजे तीच गंगूबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला आली. पाहुण्यांसमोर सागरने तेच सुरू केले. ती खुर्चीतून सावकाश उठली.

"सागर, कोनं सांगतलं तुले हे?"

सागर म्हणाला, सगळे असेच सांगतात, आणि आजोबांचा मानच वाढतो ना त्यात.

"तुह्या आज्यानं त्याले मारलं नाई. ढिगारा उपसून काढलं त्याले. मारनं सोपं होतं, बाबू. थे तं तिथं सारेच करून रायले होते."

मग तिने विहिरीपर्यंतची सगळी हकिकत सांगितली. सागरने कपाट उघडून मला तिच्या हातात दिले. तिने माझा पोचा अंगठ्याने चाचपला आणि मला परत जागेवर ठेवले.

कपाट पुन्हा बंद झाले. मी अजून आतच आहे. पण आता कोणी विचारले तर सागर आवाज खाली आणून म्हणतो, "आमच्या आजोबांनी लढाईत एका माणसाला जिवंत बाहेर काढलं. त्याचं आहे हे."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू पुसा, जपा. पण त्यांची खरी गोष्ट ठाऊक असलेले माणूस घरात आहे, तोवर त्याच्याजवळही जरा बसा. आम्हाला तोंड नसते.