दोऱ्याची खाच

सकाळचे नऊ वाजत नाहीत तोच शाळेमागच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. घाटंजीहून मेटाडोर भरून आली होती, आर्णीचे लोक दुचाक्यांवर तिघं-तिघं बसून आले होते. बोरी अरबच्या पलीकडचं हे एवढंसं गाव. इथं एरवी निवडणुकीलाही इतकी माणसं जमत नाहीत. पाटावर बसलेले साखरनाथ महाराज पितळेची गंजी, म्हणजे खोल पातेलं, सगळ्यांना दाखवत होते. आधी उताणी, मग पालथी. पालथी केली तरी तिच्यातून काही पडलं नाही.

"देख लो भाई, गंजी खाली," महाराज म्हणाले. "माणूसबी खालीच येतो अन् खालीच जातो. भरणारी माय वेगळी."

हे वाक्य त्यांनी आठ दिवसांत आठव्यांदा म्हटलं होतं, आणि आठव्यांदा मागच्या बायांनी डोळ्याला पदर लावला. मग गंजीत मूठभर विभूती पडली. चुलीवर खदखदणारा गुळाचा पाक वरून ओतला गेला. झाकण, लाल कापड, टाळ. भजन चालू असताना महाराजांचा माणूस विक्की गंजीवर बाहेरून थंड पाणी सोडत राहिला. त्याला गंगास्नान म्हणायचं. पाऊण तासाने महाराजांनी कापडाखाली दोन्ही हात घातले, ओठ हलवले, गंजी पळसाच्या पानावर उलटी केली आणि कापड ओढून घेतलं.

पानावर देवी होती. गुळाची, तांबूस, लखलखीत. डोळे, नाक, नथ, कपाळावरचा मळवट, सगळं जिथल्या तिथं. मंडप हात जोडून खाली वाकला.

तिसऱ्या ओळीत बसलेली दीपाही वाकली. तिची नजर मात्र देवीच्या डोळ्यांवर नव्हती, हनुवटीवर होती. हनुवटीखाली गव्हाच्या दाण्याएवढा एक देठ आणि तसाच एक डोक्याच्या मधोमध. महाराज वरच्याला तेजाची शिखा म्हणत, खालच्याला अमृताचा थेंब. दीपाला पहिल्या दिवशीच कळलं होतं की ती दोरा ओवायची जागा आहे.

तिला नाही कळणार तर कोणाला? तिच्या सासूच्या, इंदूबाईच्या घरी चाळीस वर्षं होळीच्या गाठ्या बनतात. आपल्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या ज्या माळा घालतात, त्या. साच्यात एका चकतीपासून दुसऱ्या चकतीपर्यंत खाच असते. तिच्यात आधी दोरा बसवायचा, मग पाक ओतायचा. थिजल्यावर सगळी माळ अखंड निघते. खाच नसली तर दोरा सरकतो आणि माळेचा भुगा हातात येतो. दीपा लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला स्वयंपाकाच्या आधी ही खाच शिकवली.

चार वर्षांमागे सागवानी साच्यांना तडे गेले. नवे कोरून देणारा म्हातारा सुतार केव्हाच वारला होता. दीपाने मोबाइलवर पाहून पाहून खाण्याला चालणारं सिलिकॉन रबर मागवलं. दोन डबे येतात, दोन्हींतलं सारखं घेऊन घोटायचं, वस्तूवर ओतायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या वस्तूचा साचा तयार. उकळता पाक ओतला तरी त्याला काही होत नाही, आणि मऊ तर असा की लेकराचा गाल. "चपलेच्या रबरात साखर ओततं काय व?" असं इंदूबाईने पहिल्या दिवशी विचारलं होतं. पण पहिली माळ एकही चकती न मोडता निघाली तेव्हा तिनेच तो साचा मोज्यासारखा उलटा करून पाहिला आणि पोरीसारखी हसली.

दिवाळीच्या सुमारास यवतमाळहून एक जण पितळेचा मुखवटा आणि एक गंजी घेऊन आला. बहिणीच्या लग्नात चॉकलेट वाटायचं आहे म्हणाला. साच्याचं बूड या गंजीच्या तळात घट्ट बसेल असं गोल पाहिजे, आणि रंग पितळेचा. दीपाला रंगाचं नवल वाटलं होतं. पण लग्नघरच्या हौशीला कोणी काय म्हणावं. मुखवट्यावर रबर ओतण्याआधी तिने हाताच्या सवयीने वर आणि खाली मेणाची बारीक वात चिकटवली, दोऱ्याच्या खाचेसाठी. चॉकलेटला दोरा कशाला, हे साचा निघाल्यावर तिच्या ध्यानात आलं. पहिल्या साच्यात तर नाकावर बुडबुडाही धरला होता, म्हणून तिने दुसरा केला. दुसऱ्यालाही वात होतीच. हाताला कोण शिकवणार? तो माणूस काही न पाहता साचा घेऊन गेला. तोच हा विक्की.

पहिल्याच दिवशी ती त्याच्याकडे गेली होती. तो नावं लिहिण्याच्या टेबलाशी बसला होता. दीपाचं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, साचा कोनाच्या घरी बनला थे मी सांगू काय सगळ्याईले? महाराज उद्या दुसऱ्या गावाले जातीन. तुमाले तं इथंच राह्यचं हाये."

दीपा तिथूनच माघारी वळली. कारण तोवर तिच्या पोरीचं नाव सेवेच्या वहीत चढलं होतं.

खुशी अकरा वर्षांची. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. रोजची गोळी, भरपूर पाणी, आणि ताप आला की थेट दवाखाना, एवढं सांभाळलं की पोरगी शाळेत पहिल्या बाकावर बसून बडबड करते. पण नातीला दुखणं आलं की रात्ररात्र तिचे पाय चेपत बसणाऱ्या इंदूबाईला या न संपणाऱ्या गोळ्यांचा वीट आला होता. महाराज म्हणाले, अकरा दिवस कुमारिकेला माझ्या पाटाशेजारी बसवा, रक्त बदलून देतो. गोळ्यांचं पाकीट त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवलं, कारण कंपनीचं औषध पोटात असलं की देवी आत येत नाही म्हणे. पाणी सकाळ-संध्याकाळ एक-एक पेला, तेही तीर्थ म्हणून. आणि गावाची शीव बांधली. अकरा दिवसांत सेवेतल्या घरचं कोणी शिवेपलीकडे गेलं तर त्या घरचं एक माणूस कमी होईल. गावात दुसरं कुठलं गोडधोडही करायचं नाही. ऐन होळीच्या तोंडावर गाठ्यांची चूल थंड पडली.

दीपाचा नवरा लखन ऑटो चालवतो. ऑटो मंडपासमोर फुलांच्या माळा घालून उभा होता. दीपाने त्याला साच्याचं सांगितलं तेव्हा तो माळा नीट करत म्हणाला की साचा असेल, पण माय म्हणते पोरीच्या तोंडावर तेज आलं आहे. ते तेज नव्हतं, डोळे पिवळे पडले होते. दीपाला एकेका माणसाचं तोंड बंद दार वाटायला लागलं. बोलावं तर तीच चोराची साथीदार. न बोलावं तर पोरगी. आणि शिवेवर लाल धागा ताणून महाराजांची पोरं काठ्या घेऊन बसलेली; बाहेरच्या गाड्यांना धागा उचलून देत, गावच्यांना अडवत.

त्या आठव्या दिवशी देवीचा मुखवटा फिरवला जात होता, तेव्हा पाटाशेजारची खुशी दर्शनाला पुढे आलेल्या आईकडे झुकली आणि म्हणाली, "आई, देवीच्या हनुवटीले आपल्या गाठीवानी देठ काहून हाये?"

दीपाने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

पोरीने डोळे वर करून आईकडे पाहिलं. तळहाताखाली तिचे ओठ कोरडे होते, सोललेले. गाठ्यांच्या घरात जन्मलेल्या लेकराने जे दिसलं ते विचारलं होतं, आणि आईने विक्कीचं काम स्वतःच्या हाताने केलं होतं. दीपाने तो हात दिवसभर पदरात लपवून ठेवला.

संध्याकाळी खुशीला ताप चढला आणि गुडघे धरून ती कण्हायला लागली. गावच्या आशा कार्यकर्त्या विमलताई मागच्या दाराने आल्या, पोरीचे डोळे पाहिले, मनगट धरलं. "उद्या दुपारच्या आत यवतमाळले ने," त्या म्हणाल्या. "गाडी मी बोलावतो, पन शिवेवर अडवतीन. घरच्याईनं उठलं पाह्यजे." मग चार पेले पाणी त्यांनी स्वतः बसून पाजलं. महाराजांनी बांधलेली पहिली गोष्ट तिथं सुटली.

फटफटताच दीपाने चूल पेटवली. फळीवरून नाकावर बुडबुडा असलेला तो वाया गेलेला साचा काढला, खाचेत दोरा बसवला, साखरेचा पाक ओतला. थिजलं की काढायचं, दोरा पुढे सरकवायचा, पुन्हा ओतायचं. सात वेळा. घरचे मंडपाकडे निघाले तेव्हा तिच्या पदराखाली सात देव्यांची माळ होती, पांढरीशुभ्र, आणि सातही जणींच्या नाकावर एकेक फोड.

मंडपात लखनने पोरीला उचलून आणून पाटाशेजारी निजवलं. महाराज म्हणाले की ताप म्हणजे जुनं रक्त जळून राह्यलं. कालचा गुळाचा मुखवटा ताटात होता. गंजी राखेने घासून पुढे मांडलेली होती. बाहेरून ती घासायचा मान नऊ दिवस इंदूबाईचा. इतर कोणी शिवायचं नाही.

दीपा उठली. भाषण तिला येत नव्हतं. ती सासूसमोर जाऊन बसली, माळ तिच्या मांडीवर ठेवली आणि पंधरा वर्षं दर होळीला जे म्हणत आली तेच म्हणाली, "आत्याबाई, दोरा बराबर बसला का पाहा."

इंदूबाई ओरडायलाच निघाली होती. गोड करायला बंदी होती ना. पण तिच्या बोटांना ती बंदी ठाऊक नव्हती. बोटांनी माळ उचलली, ताणली, एकेका चकतीच्या टोकाला जाऊन देठ चाचपला. मग ती थांबली. तिने ताटातला गुळाचा मुखवटा घेतला आणि हनुवटीखालच्या अमृताच्या थेंबावर अंगठा फिरवला. एकदा साखरेच्या देठावर, एकदा गुळाच्या. मंडपातले टाळ थांबले होते.

"देवीले ओवाचं होतं काय गा, महाराज?" तिने विचारलं.

महाराज म्हणाले, "माई, आज देवी नाराज है. गंजीले हात लावू नका, हात जळतीन."

"चाळीस वर्सं पाकात जळून राह्यले थे," इंदूबाई म्हणाली, आणि तिने गंजीत हात घातला.

तळाशी नख रुतवून तिने ओढलं. पच्च असा ओला आवाज झाला आणि गंजीचा तळच जणू तिच्या हातात आला. पितळी रंगाचं मऊ रबर. पहिल्या माळेच्या दिवशी केलं होतं तसंच तिने ते मोज्यासारखं उलटं केलं आणि स्वतःच्या मुठीवर चढवलं. खोलगट होतं ते वर आलं: डोळे, नाक, नथ. म्हातारीच्या मुठीवर देवी उभी राहिली, आणि म्हातारीने मूठ सगळ्या मंडपाला फिरवून दाखवली.

विक्की टेबलावर चढला. साचा याच बाईच्या घरचा आहे, हिलाच विचारा, असं तो ओरडत होता. आठ दिवस दीपा या वाक्याला भीत होती. आता ते आलं तेव्हा तिला त्यात भिण्यासारखं काही सापडेना.

"हो, म्याच बनवला," ती म्हणाली. "लग्नाचं सांगून नेला. म्या पयल्या दिवशीच सांगाले पाह्यजे होतं. भेली, चुकली."

मग तिने सांगितलं, कामाचं सांगावं तसं. रबर ओलं करून तळात दाबलं की चिकटतं, म्हणून पालथी गंजी रिकामी वाटते. विभूती टाकली की आतला खोलगट चेहरा झाकला जातो आणि गूळही सुटा निघतो. गंगास्नान पाक लवकर थिजावा म्हणून. आणि लाल कापड एवढ्यासाठी, की साचा सोलून पुन्हा तळात बसवताना दिसू नये. देवीने यातलं काहीच केलं नव्हतं. तिच्या नावावर सगळं खपवलं होतं एवढंच.

घाटंजीची माणसं पाटाकडे सरकली तेव्हा पाट रिकामा होता. शीव ज्यांनी बांधली तेच ती पहिल्यांदा ओलांडून गेले, विक्कीच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून. पेटी मात्र राहिली. तिच्यातून दीपाने पोरीच्या गोळ्या काढल्या. दुसऱ्या घरांची तीन पाकिटंही तिथंच होती. एक साखरेच्या आजाराचं होतं, आणि तो माणूस आठ दिवस गुळाचा प्रसाद खात होता.

लखनने फुलांच्या माळा ओरबाडून ऑटो काढला. मागे दीपा, तिच्या मांडीवर खुशी, बाजूला पाण्याचा डबा धरून इंदूबाई. शिवेवरच्या वडाशी काठीवाली पोरं केव्हाच पांगली होती, पण लाल धागा अजून आडवा ताणलेला होता; तिथं लखनचा पाय ब्रेकवर गेला. नकळतच गेला.

"थांबू नको," मागून त्याची माय म्हणाली.

धागा चाकात गुंतला आणि तुटला. यवतमाळच्या दवाखान्यात खुशीला सलाईन लागली; पाचव्या दिवशी ती तिथल्या नर्सबाईला गाठ्या कशा बनतात ते शिकवत होती. घरातलं माणूस एकही कमी झालं नाही.

महाराजांची गंजी आता गाठ्यांच्या दुकानात, अगदी पुढे असते, तळात तो पितळी रंगाचा साचा पुन्हा बसवलेला. गिऱ्हाईक आलं की इंदूबाई ती गंजी त्याच्यासमोर पालथी करते, उताणी करते आणि विचारते, खाली हाये ना? माणूस वाकून पाहतो आणि हो म्हणतो. सगळेच हो म्हणतात. डोळ्यांचा दोष नाही, त्यांना जेवढं दाखवलं तेवढंच ते पाहतात. म्हणून कोणी चमत्कार दाखवला तर नमस्कार खुशाल करा, पण आधी त्याच्या भांड्यात हात घाला. घालू देत नसेल तर तेवढ्यावरच ओळखा. आणि तुमच्या लेकराने मध्येच काही विचारलं, तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नका.

गिऱ्हाईक हो म्हणून सरळ झालं की इंदूबाई गंजी त्याच्यापुढे सरकवते.

"आता हात घाल," ती म्हणते. "भेऊ नको, रबर हाये."