लहान मल्चर

पाना लावला आणि पोकलेनच्या तेलाच्या पाइपाचं टोपण पहिल्याच हिसक्याला सुटलं. या पाइपावर चालणारा, खडक फोडायचा ब्रेकर विकल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. गंजून बसलं असेल म्हणून तिनं हातोडीही आणली होती. सुरुवात तरी बरी झाली, असं मनाशी म्हणत तिनं तेल मोजायचं मीटर जोडलं. काल मीटर देताना फिटरनं "पुन्हा?" असं विचारलं होतं. ती घाईत होती, नुसती हसली होती.

वर पोकलेनच्या सीटवर अप्पा बसले होते. वणव्याच्या दिवसांआधी टेकडीवरची झुडपं भरडून मोकळा पट्टा काढायचं काम बापलेकीला मिळालं होतं. त्यासाठी पोकलेनला मल्चर लावायचा, आणि लावायचा तर सगळ्यात मोठा, हे अप्पा चारचौघांत सांगून बसले होते.

"मीटर कशाला? एवढं धूड आहे. काय उचलत नाही ते विचार."

"उचलायचं कुठंय, अप्पा? फिरवायचंय. बकेटला जोर पुरतो. मल्चरला तेल लागतं, भरपूर आणि न थांबता."

"कॅटलॉग पाठ केलास वाटतं."

"तुम्ही इंजिन चालू करा. पंपालाच विचारू."

तेल तापलं. खोड अडल्यावर पडेल तसा भार पंपावर यावा म्हणून मीटरचा व्हॉल्व्ह ती आवळत गेली, तसतसा काटा उतरत गेला. मोठ्या मल्चरला हवं त्याच्या निम्म्यावर येऊन तो थांबला. लहानाला तेवढं पुरून उरलं असतं.

ती काट्याकडे बघत राहिली. ब्रेकर विकायचं तिनं ठरवलं, तेव्हा अप्पा कितीतरी दिवस सीटवर बसले नव्हते. आता पुन्हा रुसले, तर त्या उतारावर मशीन चालवणार कोण? आणि मशीन सोडून ते करणार तरी काय?

हात पुसत ती केबिनपाशी गेली.

"मोठा फिरेल, अप्पा. पण जाड खोड आलं की जागीच थांबेल. तेल उकळेल, पंप जाईल."

"मग?"

"लहान घेऊ."

अप्पांनी इंजिन बंद केलं. केबिनचं दार उघडेल म्हणून ती दोन पावलं मागं सरली. दार उघडलं नाही.

"घ्या," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगेन, पोरगी ऐकत नाही."

मीटर काढून तिनं टोपण उचललं, धूळ झटकायला उलटं केलं. आत रबरी रिंग होती. काळीभोर, मऊ, कोरी. इतक्या उन्हाळ्यांत जुनी केव्हाच तडकून गेली असती. फिटरचं कालचं "पुन्हा?" तिला आठवलं.

तिनं वर पाहिलं. अप्पा काचेआडून टेकडी न्याहाळत होते, अगदी मन लावून.

"दुकानदाराला फोन तूच कर," ते म्हणाले. "मी केला तर बरं दिसायचं नाही."

"करते," ती म्हणाली, आणि टोपण फिरवू लागली. अलगद बसलं.