साठ मीटर दोरी

ईस्टरच्या सकाळी मी काठाजवळ गिरमिटाने तळ्याच्या बर्फाला भोक पाडलं. जाडी छत्तीस सेंटीमीटर. जानेवारीत एवढ्यावरून गाडी नेली असती. पण हा मिनेसोटातला एप्रिलचा बर्फ, आतून उभ्या सुयांसारखा सुटा झालेला. मूठभर उचलला तर हातातच विस्कटला.

"आई, नुसत्या जाडीवर जाऊ नकोस. यंदा पाद्रींनीसुद्धा ईस्टरची प्रार्थना बर्फावर न ठेवता चर्चमध्येच ठेवलीय."

"पाद्रींची लेक नाही गेली इथे," आई म्हणाली.

माझी बहीण लिव्ह नऊ वर्षांपूर्वी काठापासून पन्नास मीटरवर, बर्फ फुटून बुडाली. तेव्हापासून आई दर ईस्टरला त्या जागी गुडघे टेकते. बाबांनी त्यानंतर ना चर्चची पायरी चढली, ना बर्फावर पाऊल ठेवलं.

"तुझा येशू पाण्यावर चालायचा, आर्डिस," बाबा म्हणाले. "तुझं वजन पंचाहत्तर किलो आहे."

"बहात्तर! अर्व्हिड, लिव्ह एकटी नव्हती रे खाली. तो होता तिच्याजवळ. त्या भरवशावर तर मी रोज सकाळी उठते."

"नव्हता असं मी कुठे म्हणतो? होता. आणि बघत बसला. माझं भांडण तेच आहे."

आईने त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि निघाली.

चांगला बर्फ पायाखाली कडकडतो. हा गप्प होता. त्या जागी तिने गुडघे टेकले, तशी तिच्याभोवती ओल पसरू लागली. उठायला गेली आणि एक पाय मांडीपर्यंत आत गेला.

मी सोबत आणलेली साठ मीटर दोरी कमरेला बांधू लागले. बाबांनी ती हिसकावली.

"एक लेकरू दिलंय या तळ्याला. मागे हो, मारिट. टोक धर."

स्वतःला दोरी बांधून ते पोटावर सरपटत गेले. बर्फावरून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आलास! शेवटी आलास त्याच्याकडे."

"तुझ्याकडे आलोय, वेडाबाई. हात वर कर."

त्यांनी कमरेची दोरी सोडली आणि तिच्या काखेखालून आवळली.

"मारिट, ओढ!"

मी ओढलं. आई काठाला लागली. बाबांसाठी दोरी सोडवायला गेले, तर ओली गाठ सुटेना. माझी बोटं बधिर झाली होती. तिकडे बाबा पालथे पडून होते, अजिबात न हलता. त्यांच्याखालचा बर्फ काळा पडत चालला होता.

आईने तळ्याकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

"येशू! बघत बसू नकोस!"