टेबलाखालचा हात

मिसळीबरोबर आलेल्या वाटीतल्या तिखट कटावर तेलाचा थर साधारण तीन मिलिमीटर होता. विद्याश्रीनं मान खाली घालून डोळे त्या थराच्या पातळीला आणले आणि त्याची खालची कड पाहिली. दूध संघाच्या प्रयोगशाळेत फॅटचं रीडिंग ती असंच घ्यायची. इथं मोजायचं काही नव्हतं. समोरच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं, इतकंच.

तोंड तिच्या थोरल्या भावाचं होतं. शशिधर ब्रेडची स्लाइस दुमडून कटात बुडवायचा, ती अर्धी फाटून वाटीत पडायची, मग तो ती बोटांनी काढायचा. मिशीत शेव अडकली होती. त्याच्या शेजारी त्याचे दोस्त हंबीरराव बसले होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांना मिसळ खायला घालायची शशिधरची पद्धत होती. वहिनी शिवगंगा विद्याश्रीच्या बाजूला बसून लिंबाची फोड पिळत होती.

"ओ मामा, कट आणा की अजून!" हंबीरराव हॉटेलवाल्याला ओरडले. मग शशिधरकडं वळून म्हणाले, "बुधवारी तुमच्या विद्याताई दिसल्या की गंगावेशीत. दूध कट्ट्यावर. एकट्याच हुभ्या, तोंडाला गिलास लावलाता."

बुधवारी ती कामावरून चालत घरी यायची. वाचलेल्या बसच्या तिकिटात थोडी भर घालून कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध घ्यायची. ग्लास कोमट असायचा, वर दोन बोटं फेस. दिवसभर लोकांच्या दुधाचे नमुने तपासल्यावर एक ग्लास न तपासता प्यायचा, यात तिला फार सुख वाटायचं.

"एकटीच?" शशिधर हसला. शेवेचा ओला तुकडा टेबलावर उडाला. "घरात दोन लिटरचा रतीब हाय, आन ही भाईर पैसं घालती. हात जरा आवर, विद्या. पैसा काय झाडाला लागतोय व्हय?"

"चार रुपयांचं दूध ते," वहिनी हळूच म्हणाली.

"तू गप खा."

विद्याश्रीनं वाटी बाजूला सरकवली. पगाराचं पाकीट ती एक तारखेला देव्हाऱ्यात ठेवायची. वडील गेल्यापासून सहा वर्षं ते असंच चाललं होतं. हात जोडून झाले की शशिधर पाकीट उचलायचा आणि त्यातले दोनशे तिला परत द्यायचा, बसला आणि वरखर्चाला. पगार थेट बँकेत जमा करण्याचा फॉर्म ऑफिसनं सगळ्यांना दिला होता. तिनं तो भरला होता, सहीसुद्धा केली होती. चार महिने तो पर्समध्ये होता.

मामांनी बिलाची चिठ्ठी बशीत ठेवली.

"आज मी देणार, अण्णा," हंबीरराव शशिधरला म्हणाले.

"सोडा हो! मी बसलोय की हितं. तुम्ही पैसं देणार व्हय?"

"दरवेळी तुम्हीच?"

"मग? पावण्याला पैसं द्यायला लावू?"

हंबीररावांचा हात खिशापर्यंत गेला. तो दर महिन्याला तिथंवरच जायचा.

आणि अरुंद टेबलाखालून दुसरा हात आला. शशिधर वर हंबीररावांशी हुज्जत घालत होता, आणि खाली त्याचा तळवा तिच्या गुडघ्यावर येऊन उताणा पडला होता. बोटं तेलानं चमकत होती, नखांत हळद होती. मिसळीचे पैसे त्याच दोनशेंतून जायचे. विद्याश्री नोट त्या तळव्यावर ठेवायची, मग तो उठून गल्ल्यावर जायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "किती झालं ओ?"

बोटं दोनदा हलली.

विद्याश्रीनं रुमाल उघडला. शंभराची नोट चार घड्या घालून तयार होती. सकाळी निघताना तिनंच ती तशी दुमडली होती, टेबलाखालून पटकन देता यावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. त्या नीटस चौकोनाची तिला किळस आली. त्या हाताचीही इतकी आली नव्हती.

तिनं नोट उलगडली. टेबलावर ठेवून तळहातानं सपाट केली.

"मामा," ती म्हणाली, "चौघांचं यातनं घ्या."

हंबीररावांचा हात खिशापासून खाली आला. ते पाण्याचा ग्लास निरखू लागले. गुडघ्यावरचा तळवा क्षणभर तसाच राहिला, मग निघून गेला. साडीवर चार बोटांचे पिवळे डाग पडले होते.

"काय चाललंय हे?" शशिधर दात आवळून म्हणाला. "घरला चल. तिथं बोलू."

तिनं रुमालानं डाग पुसायला घेतले. ते पसरले. तिनं रुमाल बाजूला ठेवला. शेजारी वहिनी हातातली लिंबाची फोड पिळायची थांबली होती.

"इथंच सांगते, अण्णा," विद्याश्री म्हणाली. "उद्या मी बँकेचा फॉर्म देणार आहे. पाकीट आता घरी येणार नाही."